डायल ‘एम’वर, तरी कॅमेरा स्वतःच्याच मनाचा: एक्स्पोजर नेमकं कोण बदलतंय ते असं शोधा

तक्रार साधारण अशी असते. डायल ‘एम’वर (मॅन्युअल) आहे, शटर (उजेड आत घ्यायचा वेळ, सेकंदात) १/५०० केलं, अपर्चर (लेन्सचं भोक; एफचा आकडा मोठा तितकं ते लहान) एफ ८. फोटो काळपट यायला हवा, पण येतो नेहमीसारखाच उजळ. शटर १/१००० केलं तरी तोच उजेड. किंवा याच्या उलट: हॉलमध्ये एका जागी उभं राहून, काहीही न बदलता ओळीने काढलेल्या फोटोंत एक उजळ, एक ठीक, एक काळा. मग ‘बोर्ड गेलं’ असं निदान होतं. कॅमेरा दुकानात जातो, तिथे काउंटरवर काढलेले फोटो व्यवस्थित येतात, आणि पुढच्या कार्यक्रमात पुन्हा तेच रडगाणं.

बोर्ड जाण्याची वेळ क्वचितच येते. गोंधळ होतो तो ‘एम’ या अक्षराकडून आपण ठेवलेल्या अपेक्षेमुळे. फिल्मच्या काळात १०० चा रोल घातला की छत्तिसावा फोटो निघेपर्यंत आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००च. उरायचं शटर आणि अपर्चर, आणि ‘एम’मध्ये ते दोन्ही माणसाच्या हातात. त्यामुळे ‘एम’ म्हणजे सगळं माझ्या ताब्यात, हे तेव्हा खरंच होतं. डिजिटलमध्ये आयएसओ दर फोटोला बदलता येतो, पण ‘एम’ अजूनही त्या दोनच गोष्टींची हमी देतो. तिसरी मोकळी सोडली तर कॅमेरा ती वापरून घेतो. शिवाय फ्लॅशची ताकद, मागच्या स्क्रीनचा उजेड, जेपीईजीवर होणारी प्रक्रिया आणि हॉलमधले दिवे यांच्याशी ‘एम’चा काही संबंधच नाही.

म्हणून मेन्यूत शिरून दिसेल ते चालू-बंद करत बसू नका. आधी नेमकी कोणती गोष्ट बदलली ते शोधा.

दोन फोटो काढा, आकडे वाचा

खिडकीतून स्थिर उजेड येणारी एक भिंत निवडा. ट्यूब, एलईडी सगळं बंद. आकाशात ढग पळत असतील तर आज हे करू नका. लेन्स मॅन्युअल फोकसवर टाका, फ्लॅश बंद ठेवा, झूमला हात लावू नका. ‘एम’वर १/१२५ आणि एफ ८ ठेवून भिंत नीट दिसेल असा आयएसओ लावा आणि एक फोटो काढा. मग फक्त शटर १/१००० करून दुसरा. हा तीन स्टॉपचा फरक आहे (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). दुसऱ्या फोटोत पहिल्याच्या एक अष्टमांश उजेड येतो, म्हणजे भिंत बरीच काळी दिसली पाहिजे.

आता प्लेबॅकमध्ये दोन्ही फोटोंचा तपशील उघडा. कॅननवर इन्फो बटण, सोनीवर डिस्प, निकॉनवर चार दिशांच्या बटणाचं वर-खाली. निकॉनवर नुसताच फोटो दिसत असेल तर प्लेबॅक मेन्यूतल्या डिस्प्ले ऑप्शन्समध्ये जाऊन ‘ओव्हरव्ह्यू’वर खूण करावी लागते. फोटो काढताना व्ह्यूफाइंडरमध्ये काय दिसलं होतं याला इथे किंमत नाही. फाइलमध्ये शटर, अपर्चर आणि आयएसओ यांचे जे आकडे लिहिलेले आहेत तेच खरे.

तिन्हींपैकी कोणता आकडा तुम्ही न सांगता बदलला, यावर पुढचा सगळा तपास ठरतो. एकही बदलला नाही आणि तरी उजेड बदलला, तर वाट वेगळी. तिच्याकडे नंतर येऊ.

आयएसओ बदलला असेल तर

बहुतेक तक्रारी इथेच संपतात. आयएसओ ऑटोवर राहिलेला असतो. तुम्ही शटर तीन स्टॉप वेगवान केलं, कॅमेऱ्याने आयएसओ १०० चा ८०० केला, हिशेब बरोबर. फोटो तेवढाच उजळ, फक्त जास्त दाणेदार.

खात्री करायची झटपट युक्ती आहे. लेन्सवर झाकण लावा, फोकस मॅन्युअलवर ठेवा (नाहीतर अंधारात फोकस सापडत नाही म्हणून बटणच दाबलं जाणार नाही), ‘एम’वर एक फोटो काढा. फोटो काळा येणारच, पण तपशिलात आयएसओ बघा. तुम्ही लावलेलाच आकडा असेल तर आयएसओ निर्दोष. ६४००, १२८०० असं काही दिसलं तर चोर सापडला.

कॅननवर उपाय सरळ आहे. आयएसओचं बटण दाबा, यादीच्या एका टोकाला ‘ऑटो’ असतं, तिथून बाजूला या. निकॉनवर मात्र लोक हमखास फसतात, कारण तिथे आयएसओ दोन ठिकाणी असतो. एका जागी तुम्ही २०० निवडता, तो आकडा स्क्रीनवर दिसतोही. पण शूटिंग मेन्यूतल्या ‘आयएसओ सेन्सिटिव्हिटी सेटिंग्ज’मध्ये ‘ऑटो आयएसओ सेन्सिटिव्हिटी कंट्रोल’ चालू असेल तर तुमचे २०० ही फक्त किमान मर्यादा ठरते. उन्हात कॅमेरा २०० वरच राहतो. घरात शिरलं की तो तिथून वर चढतो, तुम्ही घातलेल्या कमाल मर्यादेपर्यंत. म्हणून निकॉनवाल्यांची तक्रार ठरावीक असते: ‘बाहेर एम नीट चालतो, आत गेलं की बिघडतो.’ हे वाक्य ऐकलं की कॅमेरा हातात न घेता उत्तर देता येतं. व्ह्यूफाइंडरमध्ये ‘आयएसओ-ऑटो’ लुकलुकत असतं, तेही हेच सांगत असतं, पण फोटो काढायच्या गडबडीत तिकडे कोण बघतो!

फुजीफिल्मच्या डायलवाल्या कॅमेऱ्यांत मोडची ती नेहमीची चकतीच नसते. शटरच्या डायलवर ‘ए’, लेन्सच्या कड्यावर ‘ए’, आयएसओवर ‘ए’. तिन्ही ठिकाणचा ‘ए’ सोडल्याशिवाय पूर्ण मॅन्युअल होत नाही, आणि बॅगेतून काढताना कडं सरकून ‘ए’वर जाणं अगदी सोपं आहे.

या बाबतीत पेंटॅक्सने जे केलं ते मला सर्वात प्रामाणिक वाटतं. २००६ च्या के१०डीमध्ये त्यांनी डायलवर ‘टीएव्ही’ नावाचा वेगळा मोड दिला: शटर आणि अपर्चर तुमचं, आयएसओ कॅमेऱ्याचा. जे होतंय त्याचं नाव डायलवरच लिहिलेलं. इतरांनी तीच सोय ‘एम’च्या पोटात घातली आणि गोंधळ वापरणाऱ्याच्या गळ्यात पडला.

ऑटो आयएसओ वाईट आहे असं मात्र नाही. भिगवणला उडत्या फ्लेमिंगोंमागे कॅमेरा फिरवताना १/२००० आणि एफ ६.३ पक्कं ठेवून आयएसओ मोकळा सोडणं हाच शहाणपणा. पक्षी कधी पाण्यासमोर, कधी झाडीसमोर, कधी आभाळासमोर. आयएसओ हाताने बदलायला वेळच नसतो. फक्त आभाळ मागे असेल तेव्हा पक्षी काळा पडू नये म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याच्या हिशेबापेक्षा फोटो उजळ किंवा काळा करायची सोय) प्लसकडे न्यावं लागतं. बहुतेक नव्या बॉडी (लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) ‘एम’ अधिक ऑटो आयएसओमध्ये ते करू देतात. उलट दिशेने हीसुद्धा एक अडचण होऊन बसते. काल पक्ष्यांसाठी लावलेलं प्लस एक आज विसरलं की ‘एम’मध्ये सगळे फोटो जास्त उजळ येतात. पक्का आयएसओ असेल तर निकॉनवर हेच कॉम्पेन्सेशन फोटो बदलत नाही, फक्त मीटरची (कॅमेऱ्यातल्या उजेडमापकाची) रेघ सरकवतं. पण त्या सरकलेल्या रेघेवर विसंबून आपणच चुकीचं शटर लावतो.

मीटर हा शब्द निघालाच आहे तर एक लहानशी गोष्ट. ट्रायपॉडवर डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) ठेवून डोळा बाजूला घेतला की व्ह्यूफाइंडरच्या मागच्या काचेतून उजेड आत शिरतो आणि मीटर फसतं. पक्क्या आयएसओवर ‘एम’मध्ये काही बिघडत नाही, ऑटो आयएसओ असेल तर बिघडतं. कॅननच्या अनेक पट्ट्यांवर जो रबरी तुकडा असतो तो ही काच झाकण्यासाठीच.

आयएसओ १०० वर येतच नाही

हा वेगळा प्रकार. आयएसओ स्वतःहून बदलत नाही, पण एका आकड्याच्या खाली उतरायला तयार होत नाही, आणि दुपारच्या उन्हात फोटो जळतात. कॅननवर स्क्रीनवर आयएसओजवळ ‘डी+’ दिसतंय का बघा. ते ‘हायलाइट टोन प्रायॉरिटी’चं, म्हणजे उजळ भाग जळू नयेत यासाठीच्या सोयीचं चिन्ह. ती चालू असताना आयएसओ २०० पासूनच सुरू होतो. फुजीवर डायनॅमिक रेंज ४०० निवडली असेल तर किमान आयएसओ मूळ आकड्याच्या चौपट होतो. २०० चा सेन्सर असेल तर ८००. सोनीवर एस-लॉगची पिक्चर प्रोफाइल लागलेली राहिली की असंच होतं. ए७ थ्रीवर ती लावली की किमान आयएसओ ८००. व्हिडिओसाठी लावलेली प्रोफाइल फोटो काढताना काढायची राहून जाते, आणि फोटो उजळ तर येतातच, वर राखाडी, फिकट येतात. तो फिकटपणा दिसला की थेट प्रोफाइलच्या मेन्यूत जा.

शटर बदललं असेल तर

पहिला संशयित फ्लॅश. पडद्याच्या शटरला एक वेगमर्यादा असते, जिच्यापुढे सेन्सर एका क्षणी पूर्ण उघडा राहतच नाही. कॅनन १५००डी, निकॉन डी३५०० आणि डी५६०० यांत ती १/२०० आहे. अंगचा फ्लॅश वर असताना तुम्ही १/१००० मागितलं तरी कॅमेरा १/२०० वर आणून ठेवतो. ऊन असेल तर फोटो जळतो, आणि आपण म्हणतो कॅमेऱ्याने ऐकलं नाही. इथे त्याने खरंच ऐकलेलं नाही, पण ते आपल्या भल्यासाठी. साध्या, कॅमेऱ्याशी न बोलणाऱ्या ट्रिगरवर फ्लॅश लावला की कॅमेऱ्याला फ्लॅशचा पत्ताच नसतो. तो १/१००० ला मुकाट परवानगी देतो, आणि फोटोच्या मोठ्या भागावर काळी पट्टी येते. उन्हात फ्लॅश हवाच असेल तर हाय-स्पीड सिंक (या मर्यादेपुढेही चालायची सोय) असलेला फ्लॅश लागतो, नाहीतर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लावून १/२०० च्या आत राहायचं.

दुसरा संशयित ब्रॅकेटिंग, म्हणजे एकाच दृश्याचे मुद्दाम कमी-जास्त उजेडाचे फोटो ओळीने काढायची सोय. ओळखायला सोपं: फोटो तिनाच्या टप्प्याने बदलतात. ठीक, काळा, उजळ. पुन्हा ठीक, काळा, उजळ. आकड्यांत शटर १/१२५, १/२५०, १/६० असं फिरताना दिसेल. कॅननच्या बॉडी मूळ सेटिंगमध्ये पॉवर बंद केल्यावर ब्रॅकेटिंग विसरतात. निकॉन विसरत नाही. गेल्या महिन्यात एचडीआरसाठी लावलेलं ब्रॅकेटिंग आज मुंजीत चालूच. बीकेटी बटणाने आकडा शून्यावर आणा.

तिसरा संशयित जरा आडवळणी, आणि याच्यावर लोकांचा सर्वात जास्त वेळ वाया जातो: डायल ‘एम’वर नसून सी१, सी२ (कॅनन) किंवा यू१, यू२ (निकॉन) या आपली सेटिंग साठवायच्या जागांवर असते. त्या जागी ‘एम’ साठवलेला असल्यामुळे वागणूक सगळी ‘एम’सारखीच. शटर १/६० साठवलेलं होतं, तुम्ही १/२५० केलं, फोटो चांगले आले, मग पंगतीत दहा मिनिटं कॅमेरा गळ्यात नुसता लटकला. कॅननवर त्या दरम्यान ‘ऑटो पॉवर ऑफ’ होतं आणि जागा झालेला कॅमेरा पुन्हा १/६० वर. यू१-यू२ वर पॉवर बंद-चालू केली किंवा डायल फिरवून परत आणली की हेच. ‘थोड्या वेळाने आपोआप जुन्या सेटिंगवर जातो’ अशी तक्रार असेल तर आधी डायलकडे बघा. कॅननमध्ये ‘ऑटो अपडेट सेटिंग’ चालू केलं तर तो बदल लक्षात ठेवतो, पण मी ते बंदच ठेवायला सांगेन. साठवलेली सेटिंग दर वेळी तशीच परत यावी, यासाठीच तर ती जागा आहे.

आणि चौथा, खराखुरा यांत्रिक संशयित: झिजलेली किंवा ओल धरलेली आकडे बदलायची डायल. एक खूट फिरवल्यावर आकडा दोन घरं उडी मारतो, कधी उलट्या दिशेने जातो, कधी हात न लावता हलतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यानंतर हे जास्त दिसतं. बॅटरी काढून डायल दोन्ही दिशांना भरपूर वेळा फिरवली की पुष्कळदा काही महिन्यांचं आयुष्य मिळतं. दरवाज्याच्या बिजागरीवर मारतात तो स्प्रे कॅमेऱ्यावर मारू नका. तो आत जाऊन कुठे बसेल याचा नेम नाही. कॅननच्या मागच्या मोठ्या चकतीला ज्या बॉडीत लॉक आहे तिथे ते लावून ठेवा. पोटाला घासून चकती फिरते आणि अपर्चर कधी बदललं ते कळतही नाही.

अपर्चर बदललं असेल तर

जवळजवळ नेहमी ही किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर मिळणारी) असते. १८-५५ मिमीवर (ही झूमची दोन टोकं) एफ ३.५-५.६ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ १८ ला एफ ३.५ उघडते आणि ५५ ला जास्तीत जास्त एफ ५.६. तुम्ही १८ ला एफ ३.५ लावलं आणि नवरीच्या चेहऱ्यावर झूम केलं की लेन्स मुकाट एफ ५.६ वर जाते. शटर आणि आयएसओ पक्के असल्यामुळे फोटो जवळपास सव्वा स्टॉप काळा. कॅमेऱ्याचा काही दोष नाही, लेन्सच तेवढी उघडत नाही. उपाय फुकटचा आहे: ‘एम’मध्ये किट लेन्सवर सुरुवातीपासूनच एफ ५.६ ठेवा. मग झूम कुठेही न्या, उजेड सारखाच राहील. पूर्ण झूमवर एफ २.८ हवं असेल तर त्याचे पैसे वेगळे, आणि ते बरेच असतात.

निकॉनच्या मॅक्रो लेन्सवर असाच प्रकार फोकसबरोबर होतो. १०५ मिमी एफ २.८ व्हीआर वापरून फुलाच्या अगदी जवळ गेलात की कॅमेरा एफ ४.८ दाखवायला लागतो. जवळ जाताना उजेड खरंच कमी होतो आणि निकॉन तो खरा आकडा दाखवतं, एवढंच.

वडिलांची जुनी, अपर्चरचं कडं असलेली निकॉनची ऑटोफोकस लेन्स नव्या बॉडीवर लावली आणि ‘एफईई’ असं काही दिसलं, तर कडं सर्वात लहान अपर्चरवर, बहुतेकदा केशरी रंगातल्या २२ वर, नेऊन लॉक करा. मग अपर्चर बॉडीवरून चालतं.

आकडे तेच, उजेड वेगळा

हा भाग सर्वात चकवणारा. तिन्ही आकडे दगडासारखे स्थिर आणि तरी फोटो खालीवर. इथे चार शक्यता आहेत, आणि प्रत्येकीची खूण वेगळी.

*दिवे.* भारतात वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. डोळ्याला कळत नाही, १/५०० च्या शटरला कळतं. एक फोटो उजेडाच्या शिखरावर पडतो, पुढचा दरीत. बऱ्याचदा रंगही बदलतो, एक पिवळट, एक हिरवट, किंवा अर्धी फ्रेम काळसर. कॅमेरा दुकानात नेल्यावर ‘बरा’ होतो तो याचमुळे: तिथे उजेड वेगळा असतो. शटर १/१०० किंवा १/५० वर आणा. शटर उघडं असेपर्यंत दिव्याची फेरी पूर्ण होते आणि फोटो एकसारखे येतात. त्याहून वेगवान शटर हवं असेल तर अँटी-फ्लिकर लागतं. कॅननने ते २०१४ च्या ७डी मार्क २ मध्ये आणलं, निकॉनच्या डी५०० मध्येही आहे. त्यात कॅमेरा दिव्याच्या शिखराची वाट बघून शटर सोडतो, म्हणून बटण दाबल्यावर किंचित उशीर जाणवतो. मिररलेसवर (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर) सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर चालू असेल तर आडव्या पट्ट्या आणखी ठळक होतात. हॉलमध्ये यांत्रिक शटर वापरा, गुरुजींना खडखड ऐकू आली तरी चालेल. स्टेजमागच्या एलईडी भिंतीचा हिशेब मात्र १०० च्या पाढ्यात बसेलच असं नाही. तिथे शटर थोडं थोडं बदलत पट्ट्या जातात का ते बघावं लागतं.

*फ्लॅश.* कॅमेरा ‘एम’वर असला तरी फ्लॅश टीटीएलवर असतो, म्हणजे दर फोटोला समोरून परत आलेला उजेड मोजून स्वतःची ताकद ठरवतो. पांढऱ्या धोतर-उपरण्यातले गुरुजी फ्रेममध्ये आले की तो हात आखडता घेतो आणि फोटो काळपट. काळ्या कोटातला पाहुणा आला की उधळतो. कॅमेऱ्याचा ‘एम’ आणि फ्लॅशचा ‘एम’ हे दोन वेगळे आहेत. फ्लॅशवर ‘एम’ करून १/१६ किंवा १/८ ताकद लावली आणि माणसांपासूनचं अंतर फारसं बदललं नाही, तर उजेड स्थिर राहतो. निकॉनच्या अंगच्या फ्लॅशसाठीही मेन्यूत टीटीएल किंवा मॅन्युअल अशी निवड असते. वेगळा फ्लॅश असेल तर त्याच्या बॅटऱ्याही बघा. पूर्ण भरायच्या आत उडवलेला फ्लॅश कमी ताकदीने उडतो आणि एकाआड एक फोटो काळा येतो.

*लेन्सची पाती.* वर सांगितलेली भिंत पुन्हा घ्या. लेन्स पूर्ण उघडी, समजा एफ १.८, ठेवून काही फोटो काढा. मग एफ ११ वर तेवढेच. (शटरने उजेड जुळवून घ्या.) पूर्ण उघड्या लेन्सवर सगळे सारखे आणि एफ ११ वर कधी ठीक कधी जळालेले, तर पाती अडकताहेत: त्यांच्यावर तेल आलंय, किंवा निकॉनच्या जुन्या रचनेत त्यांना ढकलणारी बॉडीतली तरफ जड झालीय. उघड्या लेन्सवर पात्यांना हलायचंच नसतं म्हणून तिथे दोष दिसत नाही. दुसरी लेन्स लावून हीच चाचणी केली की दोष लेन्सचा की बॉडीचा तेही कळतं. मागचे सोनेरी कॉन्टॅक्ट कोरड्या, स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसून बघा. खोडरबर घासणारे बरेच आहेत, पण त्याचा भुगा बॉडीत जातो आणि मग सेन्सरवर डाग शोधत बसावं लागतं.

*शटर.* १/१०० ला ठीक, पण १/२००० आणि १/४००० ला फोटोची एक कड काळी किंवा पट्टा उजळ. दिवे बंद करून, उन्हातही असंच येत असेल तर पडदे थकलेत. इथे मेन्यूत काहीही सापडणार नाही.

स्क्रीन वेगळं दाखवते

कधीकधी फोटो अगदी बरोबर असतो, फसवते ती मागची स्क्रीन. कॅननवर लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढताना) ‘एक्स्पोजर सिम्युलेशन’ बंद असेल तर तुम्ही काहीही लावा, चित्र उजळ आणि छान दिसतं. फोटो मात्र तुम्ही लावल्याप्रमाणे काळा. फ्लॅश चालू केला की हे सिम्युलेशन आपोआप बंद होतं आणि त्याचं चिन्ह करडं पडतं. सोनीवर याचं नाव ‘लाइव्ह व्ह्यू डिस्प्ले’ आणि पर्याय ‘सेटिंग इफेक्ट ऑन’ किंवा ‘ऑफ’. स्टुडिओत फ्लॅश लावून एफ ८, १/१६०, आयएसओ १०० ठेवलं की ‘ऑन’मध्ये स्क्रीन काळीकुट्ट दिसते. तिथे ‘ऑफ’च लागतं. घरी येऊन ‘ऑन’ करायचं राहिलं की दुसऱ्या दिवशी ‘कॅमेरा ऐकत नाही’ सुरू. काही डीएसएलआरमध्ये ही सोयच नसते, तिथे फोटो काढून हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघणं एवढंच हाती.

जेपीईजी काढणाऱ्यांनी ‘ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर’ही तपासावा. कॅननच्या मेन्यूत त्याच्याच पानावर ‘मॅन्युअलमध्ये बंद’ अशी खूण असते. ती काढलेली असेल तर तुम्ही मुद्दाम काळा काढलेला फोटो कॅमेरा उजळून देतो. निकॉनचं ‘अॅक्टिव्ह डी-लायटिंग’ आणि सोनीचं ‘डीआरओ’ सावल्यांशी तसाच खेळ करतात. आकडे तेच राहतात, म्हणून पत्ता लागत नाही. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) काढणाऱ्यांना दुसरा अनुभव येतो: संगणकावर फोटो क्षणभर छान दिसतो आणि लगेच काळवंडतो. तो पहिला क्षण म्हणजे रॉच्या पोटातला कॅमेऱ्याने सजवलेला छोटा जेपीईजी, आणि नंतरचा सॉफ्टवेअरने स्वतः उघडलेला रॉ. आयात करताना लागणारा एखादा ऑटो प्रीसेटही असाच घोळ घालतो.

व्हिडिओची गोष्ट निराळी

फोटोला ‘एम’ म्हणजे व्हिडिओलाही ‘एम’, असं गृहीत धरू नका. २००८ मध्ये व्हिडिओ काढणारा पहिला डीएसएलआर म्हणून निकॉन डी९० आला तेव्हा त्यात एक्स्पोजर कॅमेराच ठरवायचा. हातात होतं ते लॉकचं बटण. त्याच वर्षीच्या कॅनन ५डी मार्क २ चंही तसंच. लोक त्यावर अडॅप्टर लावून निकॉनच्या जुन्या हाताने फिरवायच्या लेन्स वापरायचे, म्हणजे निदान अपर्चरला तरी कॅमेरा हात लावू शकणार नाही. जून २००९ मध्ये कॅननने नवं फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) देऊन शटर, अपर्चर, आयएसओ हातात दिलं, तेव्हा कुठे ती धडपड थांबली.

आजही लहान बॉडींमध्ये ही किल्ली वेगळी असते. निकॉन डी३५०० आणि डी५६०० मध्ये डायल ‘एम’वर ठेवून वर मेन्यूत ‘मॅन्युअल मूव्ही सेटिंग्ज’ चालू करावं लागतं. याच बॉडींत लाइव्ह व्ह्यू सुरू असताना अपर्चर प्रत्यक्षात हलत नाही, म्हणून ते आधी ठरवून मगच लाइव्ह व्ह्यूमध्ये या. कॅननवर व्हिडिओच्या मेन्यूत ‘मूव्ही एक्स्पोजर’ ऑटोवरून मॅन्युअलवर न्या. सेकंदाला २५ फ्रेम असताना शटर १/५० ठेवलं की आपल्या दिव्यांचं लुकलुकणंही दिसत नाही.

रीसेट आणि सर्व्हिस

‘सगळं रीसेट करून टाका’ हा सल्ला जिथे तिथे मिळतो. त्याने पुष्कळदा काम होतं, पण काय बिघडलं होतं ते कळत नाही, आणि महिन्याभराने तीच सेटिंग पुन्हा लागली की पुन्हा शून्यातून सुरुवात. आकडे वाचूनही काहीच हाती लागलं नाही तरच रीसेट करा, आणि त्याआधी मेन्यूच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

रीसेटनंतर, नैसर्गिक उजेडात, पक्क्या आयएसओवर, फ्लॅशशिवाय, दुसऱ्या लेन्सनेही उजेड खालीवर होत असेल तर सर्व्हिस सेंटरला न्या. नेताना ‘कधीकधी होतं’ एवढंच सांगू नका. भिंतीचे ते फोटो कार्डवर तसेच ठेवा, मूळ फाइली, व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेल्या नकोत, कारण त्यातून आकडे गळून पडतात. एफ १.८ चे आणि एफ ११ चे वेगळे, १/१०० चे आणि १/४००० चे वेगळे. ज्या लेन्सवर दोष दिसतो ती बरोबर द्या आणि ‘अमुक शटरवर, अमुक अपर्चरवर’ असं पावतीवर लिहून घ्या. नुसतं ‘एक्स्पोजर प्रॉब्लेम’ लिहिलेली पावती असेल तर कॅमेरा बहुधा ‘नो फॉल्ट फाउंड’ होऊन परत येतो.